मखर कापणाऱ्या यंत्राची मोटर का तापत होती

सभासदहो, गणपतीच्या आधी पंधरा दिवस मंडळाच्या सभागृहामागच्या खोलीत जे काही चाललं होतं त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. कमानीचा एक तुकडा चार मिलिमीटर सरकलेला का आला, प्लायवूडचे दोन पत्रे वाया कसे गेले, आणि यंत्र विकून टाकायचं असं कार्यकारिणीत खरंच ठरत होतं का, असे ते प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: ठरलं नव्हतं, पण विषय निघाला होता. दोन वर्षांपूर्वी सभासदांनीच वर्गणी काढून जमवलेलं ते छोटं सीएनसी यंत्र आहे. सुट्टीतला मुलांचा छंदवर्ग त्याच्यावरच चालतो. ते विकलं असतं तर वर्गही गेला असता. म्हणून काय झालं ते सविस्तर लिहितो आहोत. ज्यांच्या घरी असं यंत्र किंवा थ्रीडी प्रिंटर आहे त्यांना हे उपयोगी पडेल. दोन्हींत मोटरी याच जातीच्या असतात आणि दुखणीही तीच.

यंत्राची थोडक्यात ओळख करून देतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर साठ बाय चाळीस सेंटिमीटरची कापण्याची जागा. आडवी हालचाल करणारा एक्स अक्ष, पुढे-मागे नेणारा वाय अक्ष (याला दोन बाजूंना दोन मोटरी), आणि वर-खाली होणारा झेड. चारही मोटरी नेमा १७ मापाच्या, म्हणजे समोरचा चौकोन ४२ मिलिमीटरचा, स्टेपर प्रकारच्या. प्रत्येक मोटरीला स्वतःचा ए४९८८ जातीचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर म्हणजे टपाल तिकिटापेक्षाही लहान अशी एक पाटी. सगळ्यांवर एक आर्डुइनो आणि त्यात जीआरबीएल ही प्रणाली. बाजारात जी हौशी यंत्रं मिळतात त्यांतल्या बहुतेकांची रचना थोड्याफार फरकानं अशीच असते.

आता तक्रार. छोटी कामं, म्हणजे मुलांच्या नावाच्या पाट्या, किल्ल्या अडकवायची फळी वगैरे, ठीक होत होती. मखराच्या कमानीचं काम मात्र साडेतीन-चार तासांचं होतं. पहिला तास सुरेख गेला. नंतर कधीतरी एक्स अक्ष जागचा सरकला आणि पुढची सगळी नक्षी चार मिलिमीटर डावीकडे कोरली गेली. दुसऱ्या पत्र्यावर पुन्हा तेच, फक्त या वेळी पन्नासाव्या मिनिटाला. एक्सच्या मोटरीला हात लावला तर चटका बसला.

आमच्यात एक काका आहेत. त्यांचं आयुष्य वडगावातल्या मागांच्या आणि विहिरींवरच्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेलं. त्यांनी बोट टेकवलं, मागे घेतलं आणि निकाल दिला, "मोटर तापालीया म्हणजे लोड आलाय. स्क्रू साफ करा, तेल घाला." काकांच्या अनुभवापुढे आम्ही काय बोलणार? लीड स्क्रू पुसला, तेल घातलं, गाडा हातानं पुढे-मागे करून बघितला. थंड यंत्रावर तो लोण्यासारखा सरकत होता. तरीही मोटर तापली.

इथेच या सगळ्या गोष्टीची मेख आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

मागाची किंवा पंपाची मोटर बैलासारखी असते. ओझं वाढलं की ती जास्त जोर लावते आणि त्यासाठी लाइनीतून जास्त करंट ओढते. करंट वाढला की वाइंडिंग तापतं. म्हणून त्या मोटरींच्या बाबतीत "तापली म्हणजे लोड आला" हे निदान शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर ठरतं. स्टेपर मोटर मात्र डोक्यावर भरलेली घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसासारखी आहे. तो एक पाऊलही चालत नसेल, तरी दमतो. स्टेपरच्या कॉइलमधून किती करंट जायचा हे ओझं ठरवत नाही, ड्रायव्हर ठरवतो. ड्रायव्हर करंट सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. गाडा चालत असो, थांबलेला असो, लाकडात अडकलेला असो, करंट जवळपास तोच. म्हणजे उष्णताही जवळपास तीच. यंत्र नुसतं चालू ठेवून तुम्ही चहाला गेलात तरी मोटर तापतच राहते. स्टेपर तापली तर पहिला संशय करंटवर घ्यायचा. तेलाचा डबा नंतर.

काकांना हे तोंडी पटलं नाही, आणि पटावं तरी का? म्हणून एक प्रयोग केला. एक्सच्या मोटरीचं कपलिंग सोडवलं. आता मोटरीला कसलंच ओझं नाही, शाफ्ट हवेत मोकळा. यंत्र चालू केलं, मोटर जराशी हलवली आणि मग पाऊण तास तशीच स्थिर ठेवली. पाऊण तासानं ती पहिल्याइतकीच तापलेली होती. काका बराच वेळ त्या मोकळ्या शाफ्टकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही जात वेगळीच हाय की." त्यानंतर पूर्ण शोधात ते आमच्यापेक्षा पुढे होते.

"तापली" म्हणजे नेमकी किती, हे आधी मोजायला हवं. स्टेपर गरम असणं हा आजार नाही. या मोटरींचं इन्सुलेशन बहुधा बी वर्गाचं असतं, म्हणजे आतल्या वाइंडिंगला १३० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं. कवच पन्नास-पंचावन्न अंशांवर असेल तर चिंता करायचं कारण नाही. आतलं वाइंडिंग मात्र कवचापेक्षा नेहमीच जास्त तापलेलं असतं, त्यामुळे कवचच ऐंशीच्या पुढे गेलं तर गप्प बसू नये. बोटाचा अंदाज ढोबळ असतो: पन्नासपर्यंत बोट थोडा वेळ टेकवून ठेवता येतं, साठच्या आसपास चटकन काढावं लागतं, त्याच्यापुढे भाजतं. मुलांना हा अंदाज घ्यायला लावू नका.

आम्ही उत्साहानं करोनाच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक काढली. ती फक्त तापाच्या पट्ट्यातलेच आकडे दाखवते, त्याच्यावर गेलं की नुसतीच ओरडते. मग उद्यमबागेतल्या एका सभासदानं कारखान्यातलं इन्फ्रारेड थर्मामीटर आणलं. त्यातही एक गोम असते: चकचकीत ॲल्युमिनियमवर ते खोटं, कमी तापमान दाखवतं. मोटरीच्या कवचावर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा, म्हणजे आकडा विश्वासाचा मिळतो. खोलीचं तापमान २९ अंश होतं. वायच्या दोन्ही मोटरी ५२ वर. एक्सची ८४ वर.

चारही मोटरी एकाच खोक्यातल्या, एकाच लेबलच्या, दीड अँपियरच्या. मग एकीच्याच वाट्याला एवढा ताप का? दोन शक्यता उरतात. मोटर बिघडली असेल किंवा तिचा ड्रायव्हर जास्त करंट देत असेल. हे ओळखायला अदलाबदलीसारखी दुसरी युक्ती नाही. वीज पूर्ण बंद केली, एक्सची आणि वायची एक केबल एकमेकींच्या जागी लावली, कपलिंग सोडलेलीच ठेवली आणि पुन्हा पाऊण तास थांबलो. आता वायची मोटर भाजत होती आणि एक्सची शांत होती. दोष मोटरीत नव्हता, ड्रायव्हरच्या बाजूला होता.

इथे एक ताकीद अगदी ठळक द्यायला हवी. स्टेपरची केबल वीज चालू असताना कधीही काढू-घालू नये. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा त्या क्षणी ड्रायव्हरवर उलटते आणि ड्रायव्हर जातो. आवाज होत नाही, धूर निघतोच असं नाही, पण जातो. आम्हाला हे पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात एक्सची केबल चालू यंत्रावर सैल होऊन निघाली होती आणि तो ड्रायव्हर तेव्हाच गेला होता. आम्ही दुकानातून नवा आणून बसवला, वहीतला आकडा लावला आणि विसरून गेलो. पुढच्या सगळ्या रामायणाची सुरुवात तिथे होती, पण ते आमच्या लक्षात यायला अजून दोन दिवस जायचे होते.

ए४९८८ वर करंट ठरवायची सोय म्हणजे एक बारीक फिरकी. ती फिरवली की एक व्होल्टेज कमी-जास्त होतं. त्याला व्हीरेफ म्हणतात. मल्टिमीटरची काळी सळई ग्राउंडवर आणि लाल सळई त्या फिरकीच्या धातूच्या डोक्यावर टेकवली की ते वाचता येतं. आमच्या वहीत लिहिलं होतं: "सर्व ड्रायव्हर, व्हीरेफ ०.८ व्होल्ट, म्हणजे १ अँपियर." मोटर दीड अँपियरची असली तरी आमच्या कामाला एक पुरतो, म्हणून तेवढाच ठेवला होता.

मोजलं. वायचे दोन्ही ०.८. एक्सचा ०.९.

खोलीत जरा शांतता झाली. मग छंदवर्गातला, दहावीत असलेला एक मुलगा म्हणाला की ते त्यानं केलं होतं. पहिला पत्रा वाया गेला तेव्हा त्याला वाटलं मोटर कमी पडते आहे, म्हणून त्यानं थोडी ताकद वाढवून बघितली. सांगितलं का नाही? कारण मोठी माणसं पत्र्याच्या किमतीवरून आधीच चिडलेली होती. हे ऐकून आमच्यातले दोघे-तिघे मान खाली घालून बसले. त्याचा विचार तसा चुकीचा नव्हता. पावलं चुकली की करंट थोडा वाढवून बघणं हे कुणीही करतं, आम्हीही केलं असतं. फक्त त्यानं ते वहीत लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते. आणि आम्ही चिडलो नसतो तर त्यानं लिहिलं असतं.

फिरकी परत ०.८ वर आणली. सगळ्यांना वाटलं, झालं. पाऊण तासानंतर एक्सची मोटर ७५ अंशांवर होती. वायच्या मोटरी तशाच, पन्नाशीच्या आसपास. तोच व्हीरेफ, तीच मोटर, आणि तरी पंचवीस अंशांचा फरक!

आता काकांनी खिशातून भिंग काढलं. त्यांच्या डोळ्यांना लांबचं कमी दिसतं, पण भिंगाखाली ते अजून सुईत दोरा ओवतात. दोन्ही ड्रायव्हर शेजारी शेजारी ठेवून बघताना त्यांनी विचारलं, "ह्या दोन काळ्या चौकोनांवर वेगळं काय लिवलंय?" वायच्या ड्रायव्हरवर आर१०० लिहिलं होतं. एक्सच्या नव्या ड्रायव्हरवर आर०६८.

हे दोन काळे चौकोन म्हणजे करंट मोजणारे रेझिस्टर. आर१०० म्हणजे ०.१ ओहम, आर०६८ म्हणजे ०.०६८ ओहम. ड्रायव्हर स्वतः करंट मोजत नाही. या रेझिस्टरवर किती व्होल्टेज पडतं ते बघतो आणि व्हीरेफशी ताडून पाहतो. रेझिस्टर लहान असेल तर तेवढंच व्होल्टेज पडायला जास्त करंट जावा लागतो. ए४९८८ चं गणित असं: व्हीरेफला रेझिस्टरच्या आठपटीनं भागायचं, म्हणजे अँपियर मिळतात. ०.१ ओहम असेल तर ०.८ भागिले ०.८, म्हणजे बरोबर १ अँपियर. ०.०६८ असेल तर ०.८ भागिले ०.५४४, म्हणजे जवळपास १.४७ अँपियर. वहीतला आकडा तोच, पण करंट दीडपट.

आणि उष्णता करंटच्या प्रमाणात वाढत नाही, करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीडपट करंट म्हणजे सव्वादोन पटीच्या आसपास उष्णता. मुलानं फिरकी ०.९ वर नेल्यावर करंट १.६५ झाला आणि उष्णता वायच्या मोटरींच्या पावणेतीन पट. आमच्या मोजणीत वायची मोटर खोलीपेक्षा २३ अंशांनी वर होती आणि एक्सची ५५ अंशांनी, म्हणजे सुमारे अडीच पट. वस्तू जितकी जास्त तापते तितकी ती उष्णता वेगानं बाहेर टाकते, म्हणून मोजणी गणितापेक्षा थोडी कमी भरते. एरवी आकडे एवढे जुळले की त्या रात्री आम्ही तिघे-चौघे उगीचच खूश होऊन घरी गेलो.

बाजारात ए४९८८ च्या नावानं मिळणाऱ्या पाट्यांवर आर१००, आर०६८ आणि आर०५० असे तिन्ही रेझिस्टर सापडतात. आर०५० असेल तर ०.८ व्होल्टला थेट दोन अँपियर होतात. तेवढा करंट ही पाटी पंख्याशिवाय सोसतच नाही. शिवाय डीआरव्ही८८२५ हा दुसरा ड्रायव्हर त्याच जागी बसतो, पण त्याचं गणित वेगळं: ०.१ ओहमच्या रेझिस्टरला करंट व्हीरेफच्या दुप्पट. म्हणजे एक अँपियरला ०.५ व्होल्ट पुरतात. त्यामुळे ड्रायव्हर बदलताना वहीतलं व्होल्टेज जसंच्या तसं कधीच उतरवू नका. रेझिस्टर वाचा, अँपियर ठरवा, मग व्होल्टेज काढा. फिरकी घड्याळाच्या दिशेनं फिरवली की करंट वाढतो असं सर्रास सांगतात. सगळ्या पाट्यांवर तसं असेलच असं धरून चालू नका, मीटरवर बघूनच फिरवा. स्क्रूड्रायव्हर शक्यतो प्लास्टिकचा घ्या. धातूचा निसटून शेजारच्या पिनेला लागला तर आणखी एक ड्रायव्हर आणावा लागेल.

पण अजून एक प्रश्न उरतोच. करंट जास्त होता तर ताकदही जास्त होती. मग पावलं का चुकली? मोटर तर दीड अँपियरचीच, ८४ अंशांनी ती मरत नाही. मग गाडा सरकला का?

याचं उत्तर मोटरीत नव्हतं, ती ज्यावर बसली होती त्या ब्रॅकेटमध्ये होतं. एक्सच्या मोटरीचं ब्रॅकेट आम्ही थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापलेलं होतं. स्वस्त, झटपट आणि रंग भगवा. सगळ्यांना फार आवडलं होतं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. पन्नासची मोटर त्यावर वर्षानुवर्षं बसली असती. पंचाहत्तर-ऐंशीची मोटर तासाभरात त्याला मेणासारखं वाकवते. मोटर खाली झुकली, शाफ्ट आणि लीड स्क्रू एका रेषेत राहिले नाहीत, कपलिंग प्रत्येक फेऱ्यात वाकू लागलं आणि गाड्याचा नट एका विशिष्ट जागी अडू लागला. स्टेपरला आपण कुठे आहोत हे कळत नाही. अडली, पाऊल चुकलं, तरी ती पुढचं पाऊल मोजतच राहते. तेच ते चार मिलिमीटर.

यंत्र बंद केलं की ब्रॅकेट त्याच तिरक्या अवस्थेत थंड होऊन कडक होत होतं. पुढच्या वेळी ते आणखी थोडं झुकायचं. दुसऱ्या पत्र्याला तासाऐवजी पन्नासाव्या मिनिटालाच घोळ का झाला, याचंही उत्तर इथेच आहे. त्यात पाऊल चुकतंय म्हणून करंट वाढवला, करंटनं मोटर आणखी तापली, त्या तापानं ब्रॅकेट आणखी वाकलं, वाकल्यानं पावलं आणखी चुकली. आमच्या हातानंच चक्र फिरत होतं. आम्ही गाडा थंड यंत्रावर हलवून "लोण्यासारखा चालतोय" म्हणत होतो तेव्हा कपलिंग सैल केलेलं होतं, हेही नंतर आठवलं. मोटर जोडलेली आणि यंत्र तापलेलं असताना बघायला हवं होतं.

म्हणजे लोड खरंच होता. पण तापण्याचं कारण म्हणून नव्हे, तापण्यातून निपजलेला. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग मी बरोबरच होतो." त्यावर कुणी वाद घातला नाही.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. एक्सचा व्हीरेफ ०.५४ केला, म्हणजे एक अँपियर. ब्रॅकेटच्या जागी सहा मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचा कोन उद्यमबागेत एका सभासदाच्या वर्कशॉपमध्ये पाडून आणला. बेळगावात राहून धातूच्या भागासाठी प्लास्टिक छापत बसलो याबद्दल त्यानं आम्हाला पुष्कळ ऐकवलं, आणि त्याचं बरोबर होतं. धातूच्या ब्रॅकेटचा दुहेरी फायदा झाला: ते वाकत नाही आणि मोटरीची उष्णता सांगाड्यात ओढून नेतं. मोटर आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये रबर किंवा पुठ्ठा घालू नका. आवाज कमी होतो, पण उष्णतेची वाट अडते. ड्रायव्हरांवर वाऱ्याचा झोत येईल असा छोटा पंखा लावला. ड्रायव्हरचा ताप ही निराळी गोष्ट आहे. ए४९८८ आतून फार तापला की स्वतःला क्षणभर बंद करतो आणि मग पुन्हा चालू होतो. तेव्हाही पावलं चुकतात, पण मोटर थंडच असते आणि ती आचके देत चालते. मोटर थंड आणि चाल अडखळती असेल तर पाटीकडे बघा.

स्थिर असतानाचा करंट बंद ठेवता येत नाही का, असा प्रश्न वर्गातल्या मुलांनी विचारला. येतो. जीआरबीएलमध्ये $१ नावाचं सेटिंग आहे (संगणकावर अर्थातच इंग्रजी अंकात टाइप करायचं). हालचाल थांबल्यावर किती मिलिसेकंदांनी मोटरींचा करंट सोडायचा हे त्यात लिहितात, आणि २५५ लिहिलं तर करंट कधीच सोडला जात नाही. आमच्याकडे २५५ आहे आणि तेच ठेवलं आहे. कारण करंट सोडला की मोटर मोकळी होते. झेड अक्षावर कापणाऱ्या मोटरीचं वजन लटकलेलं असतं, ते खाली उतरू शकतं. एक्स-वायही धक्क्यानं बारीकसे हलतात आणि पाते बदलून परत सुरू केल्यावर नक्षी जुळत नाही. त्यापेक्षा पत्रा पूर्ण कापून झाला की यंत्रच बंद करायचं, असा नियम केला. मोठ्या यंत्रांवर जे बंद डब्यातले डिजिटल ड्रायव्हर असतात, उदाहरणार्थ डीएम५४२, त्यांत थांबल्यावर करंट आपोआप निम्मा करायचं बटण असतं. निम्मा करंट म्हणजे पाव उष्णता, आणि मोटर जागाही धरून ठेवते. पुढेमागे पैसे जमले तर आपणही तेच घेऊ.

व्होल्टेजबद्दलही एक गैरसमज खोलीत बराच वेळ फिरत होता. मोटरीच्या लेबलवर तीन-चार व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपण बारा किंवा चोवीस व्होल्टचा पुरवठा जोडतो, म्हणून ती तापत असेल, असा. तसं नाही. लेबलवरचा आकडा म्हणजे कॉइलच्या रोधातून ठरलेला करंट जायला लागणारं व्होल्टेज. आपण वर म्हटल्याप्रमाणे करंट ड्रायव्हर रोखून धरतो. पुरवठा वाढवला की वेगात ताकद टिकते, आणि ताप थोडा वाढतो. करंट चुकीचा लावल्यानं जेवढा वाढतो तेवढा नाही.

दुरुस्तीनंतर पूर्ण चार तासांची चाचणी घेतली, दर अर्ध्या तासाला टेपवर नेम धरून. एक्सची मोटर ४९ अंशांवर जाऊन थांबली आणि तिथेच राहिली. ज्याच्या हातून फिरकी फिरली होती त्याच मुलानं ते आकडे वहीत लिहिले. कमान तिसऱ्या पत्र्यावर एकसंध निघाली. दर्शनाला आलात तेव्हा ती तुम्ही पाहिलीच असेल. डाव्या खांबावरची वेल जवळून बघितली तर एका पानाची कड खरखरीत दिसेल. तो दोष पात्याचा आहे, मोटरीचा नव्हे.

प्रत्येक ड्रायव्हरच्या शेजारी आता पांढऱ्या पट्टीवर रेझिस्टर आणि व्होल्टेज लिहिलेलं आहे: वायच्या दोन्हींवर "आर१००, ०.८०", एक्सवर "आर०६८, ०.५४". झेडच्या मोटरीचं ब्रॅकेट अजून भगव्या प्लास्टिकचंच आहे. तिची मोटर ४८ अंशांच्या वर गेलेली नाही, तरी दिवाळीनंतर तेही धातूचं करायचं आहे. छंदवर्ग दर रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे चालू आहे. काकाही येतात, भिंग घेऊन.